मीनाच्या हातची भाकर

उपनगर, नाशिक
१७ नोव्हेंबर २०२४

मीना,

जयभीम. हे पत्र तुझी ख्यालीखुशाली विचारायला नाही, हे आधीच सांगते. तुझा फोन बंद आहे, पाड्यावर रेंज नाही, आणि असती तरी माझं नाव बघून तू उचलला नसतास. तुझा हिरामण दिंडोरीत द्राक्षाच्या कामावर असतो आणि बाजाराच्या दिवशी हरसूलला घरी जातो. आज सीबीएसच्या स्टँडवर गाडी बदलताना दिसला. मला बघून खांबामागे व्हायला लागला. त्याला म्हटलं, बाबा रे, भांडण माझं तुझ्या बहिणीशी आहे, तुझ्याशी नाही, ये चहा घे. त्याच्याच हाती हे देते आहे.

तू माझ्या पोरीबद्दल जे बोललीस ते मी विसरलेले नाही. तुझ्या रुद्रला जाऊन दोन दिवस झाले होते. खोली माणसांनी भरलेली होती, तुझी आई भिंतीला टेकून बसली होती, आणि त्या सगळ्यांसमोर माझ्या सृष्टीकडे बोट करून तू म्हणालीस, "देवाला न्यायचंच होतं तर हिला न्यायचं होतं." मी पोरीचा हात धरला आणि आमच्या दारात आले, समोरासमोरची दारं, चार पावलं पण नाहीत, पण त्या दिवसापासून मी ती ओलांडली नाहीत. पुढच्या आठवड्यात तू आईबरोबर गावी गेलीस ती तिकडचीच झालीस. तेव्हा आपलं बोलणं बंद आहे, हे धरूनच पुढचं वाच.

आता मुद्दा. सृष्टी जेवत नाही.

दूध पिते. एका ठरावीक कंपनीची बिस्किटं खाते, तीही अख्खी असली तर, कोपरा तुटलेलं चालत नाही. बाकी काही गिळत नाही. शाळेचा ड्रेस अंगावर लोंबायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, ऑटिझम असलेल्या मुलांचं खाण्याचं असं होतं, जे आवडतं ते द्या. तिला काय आवडतं ते मला माहीत आहे. तुझ्या हातची नागलीची भाकर. पाच वर्षांची होती तेव्हापासून दुपारी शाळेतून ती तुझ्याकडे यायची, तू हॉस्टेलचा सकाळचा स्वयंपाक उरकून आलेली असायचीस, आणि मी संध्याकाळी पतसंस्थेतून घरी येईपर्यंत तिचं पोट भरलेलं असायचं. "काय जेवली गं?" म्हटलं की तू म्हणायचीस, "भाकर खाल्ली, दुसरं काय खाती ती." एवढ्यावर माझं भागत होतं.

मी करून बघितली. आमच्या घरी बाजरी आणि ज्वारी, नागलीला माझा हात कधी लागला नव्हता. थापायला घेतली की हातातच तिचे तुकडे. तू कशी करायचीस ते कळव. बाकी काही लिहू नकोस.

अंजली


१ डिसेंबर २०२४

मीना,

जयभीम. पीठ पोचलं. पिशवी उलटीपालटी करून बघितली, चिठ्ठी नव्हती. हिरामण दारातच उभा राहून पाठ केल्यासारखं बोलला, "ताई म्हनली, पानी चांगलं उकळू द्या, त्यात पीठ टाका, झाकून ठेवा, मंग मळा. गार पान्यात मळू नका, नाय व्हत." मी विचारलं, अजून काय म्हणाली? तर मान खाली घालून म्हणाला, "काय नाय म्हनली." बरं.

उकड काढली. हात भाजले. तिसऱ्या दिवशी भाकर गोल आली, तव्यावर पाणी फिरवलं, पालथी केली, चांगली फुगली. राकेश सेकंड शिफ्टला निघायच्या घाईत होता, तरी उभ्या उभ्या एक खाऊन गेला आणि म्हणाला, अगदी मीनासारखी. नवऱ्याचं ते ऐकून मला इतका आनंद झाला की मी स्वतःलाच शिव्या घातल्या, कशाला हवंय मीनासारखी म्हणवून घ्यायला.

सृष्टीने भाकरीचा वास घेतला. तोडली, बरोबर मध्यातून. एक अर्धी ताटातून बाहेर सरकवली. मग नुसती बसून राहिली, आणि भाकर गार झाल्यावर उठली. रोज हेच चाललंय. मी सरकवलेली अर्धी उचलून परत ताटात ठेवते, की ती कानावर हात घेऊन ओरडते. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलीय, दोन दिवस उपाशी ठेव, मुकाट्याने खाईल. त्यांना मी जे उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

पीठ तेच, पाणी तसंच, तवासुद्धा तुझ्याकडूनच एकदा आणलेला आणि परत न केलेला. मग राहिलं काय? काही राहिलं असेल तर सांग. मी मुद्दाम त्रास देत नाहीये. पोरीच्या बरगड्या मोजता येतात, मीने.

तू खोली सोडलेली नाहीस. हिरामण भाडं देऊन जातो, मालकाच्या सुनेने सांगितलं. कारण मी विचारत नाही.

अंजली


१५ डिसेंबर २०२४

मीना,

आज तुझ्या खोलीचं कुलूप उघडलं. किल्ली माझ्याकडे होतीच, नेहमीसारखी, देव्हाऱ्याच्या जागी आमच्याकडे बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे त्याच्या मागे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मग मला तुझं न ऐकता उघडावं लागलं असतं.

डोक्यात एकच होतं, की भाकर कदाचित तिथेच खाल्ली जात असेल. जागेचं तिला फार असतं. रविवार, सुट्टी, म्हणून सकाळीच गेले. धूळ झाडली, गॅस जोडला. रुद्रची बॅट खिडकीखाली उभी होती, तिला हात लावला नाही. त्याचं बारावीचं पुस्तक उघडं पालथं ठेवलेलं, तेही तसंच ठेवलं.

सृष्टी आत आली आणि मला विसरली. सरळ मांडणीपाशी गेली. तुझ्या खोलीत ती अशी घरच्यासारखी वावरते हे मी इतक्या वर्षांत बघितलेलं नाही, मी यायचे तेव्हा ती दप्तर पाठीला लावून निघायला तयार असायची. तिने दोन ताटल्या काढल्या. एक तिची, कड वाकलेली. दुसरीवर नाव कोरलेलं, चि. रुद्र. तिची भिंतीशी ठेवली, रुद्रची समोर, खिडकीखाली. मग मांडी घालून बसली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे, मीना. ती माझ्या डोळ्यांत बघत नाही तुला माहीत आहे.

मी भाकर वाढली. तिने मध्यातून तोडली, मोठी अर्धी रुद्रच्या ताटलीत ठेवली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि दाराकडे बघत बसली.

मला तेव्हा कळलं. आमच्या घरी ती पंधरा-वीस दिवस जी अर्धी ताटाबाहेर ठेवत होती ती नको म्हणून नाही, त्याच्यासाठी. तो आल्याशिवाय, त्याने उचलल्याशिवाय तिची सुरू व्हायची नाही. हे असंच होतं ना तुमच्याकडे रोज? तू कधी बोलली नाहीस. कदाचित तुला त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नसेल, दोन पोरं एक भाकर वाटून खातात, झालं. आणि आम्ही सगळे शहाणे म्हणत राहिलो की हिला काय कळतंय. त्याला न्यायच्या वेळी हिला नणंदेकडे सिडकोला पाठवून दिलं, दोन दिवस तिकडेच ठेवली, आणि आणल्यावर कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. सांगायचं कशाला, तिला कळत नाही. ती ऑगस्टपासून त्याची वाट बघते आहे.

मी तुझ्या ओट्याला धरून रडले. रुद्रसाठी पहिल्यांदा रडले. तो गेला तेव्हापासून मी तुझ्यावर चिडण्यातच होते, त्याच्यासाठी रडायचं राहूनच गेलं. माझ्या मांडीवर वाढलेलं पोर ते, माझी स्कूटी शिकला, मला अंजूमावशी म्हणायचा आणि दर वाढदिवसाला केक कापायच्या आधी सृष्टीचे कान झाकायचा, लोक टाळ्या वाजवतील म्हणून. पाच दिवसांचा डेंग्यूचा ताप येतो आणि असं पोर उचलून नेतो. मला तुझ्याजवळ बसून रडायचं होतं, मीना. तू ती सोय ठेवली नाहीस.

भाकर तशीच राहिली. दोन्ही अर्ध्या.

अंजली


२२ डिसेंबर २०२४

मीना,

हिरामणच्या हाती या वेळी पीठही आलं नाही. मागचं पत्र पोचलं का विचारलं, तर म्हणाला, "वाचलं तिनं. मंग दिसभर नदीवर बसली." ठीक आहे. तरीही लिहिते, कारण थांबायला माझ्याकडे वेळ नाही. डॉक्टर आता नळीने अन्न द्यायचं म्हणताहेत. ॲडमिट करून, हात बांधून. सृष्टीचे हात बांधून. ते मी होऊ देणार नाही.

काय काय करून बघितलं ते ऐक. आधी मी रुद्रच्या ताटलीसमोर बसले आणि त्याची अर्धी उचलून घास घेतला. तिने माझ्या तोंडात बोटं घालून तो घास बाहेर काढला आणि परत ताटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी राकेश बसला. त्याच्या शर्टाची बटणं अजून सापडताहेत. बिचारा म्हणाला, पुरुषमाणूस दिसल्यावर खाईल असं वाटलं होतं.

मग मी तिला सांगितलं. तिच्या शाळेतल्या चैतालीटीचर म्हणाल्या, आडून आडून बोलू नका, सरळ सांगा. मी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, सृष्टी, रुद्र मेला. हे दोन शब्द काढायला मला किती जड गेलं ते मी तुला काय सांगू. तिने ऐकलं. हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "मीनामावशी."

मला वाटलं तुझी आठवण आली. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीत बसल्या बसल्या तिने सुरू केलं. तुझ्या आवाजात. तुझे ते शब्द ओढायची ढब सुद्धा सही सही. "रुद्र कुठे? क्लासला गेलाय, येईल. रुद्र कुठे? ग्राउंडवर, येतोय. रुद्र कुठे? दूध आणायला पाठवलाय, बस तू." एकामागून एक, किती वर्षांची उत्तरं. प्रश्न तिचा, उत्तर तुझं. आणि शेवटी परत, "रुद्र कुठे?" आणि गप्प. पुढचं तिच्याकडे नाही.

कळतंय का? हे रोजचं तुम्हा दोघींचं होतं. रुद्र कुठे हे तिने तुलाच विचारायचं, तूच सांगायचं, मग ती गुमान बसायची. मी सांगून चालत नाही. मला तो प्रश्न तिने कधी विचारलेलाच नाही.

आणि आता मी जे लिहिते ते तुला बोचेल, पण लिहिणार. त्या दिवशी, भरल्या खोलीत, ती हेच विचारत होती. सारखी विचारत होती म्हणून तुझं डोकं फिरलं. तुझा पोटचा गोळा गेलेला, आणि ही पोर तुझ्या समोर उभी राहून विचारतेय रुद्र कुठे, रुद्र कुठे, रुद्र कुठे. तुझ्या जागी मी असते तर काय बोलले असते, मला माहीत नाही. पण तिला उत्तर हवं होतं आणि तू भलतंच बोललीस. ते उत्तर अजून बाकी आहे.

ये. एक दिवस ये. तिला सांग आणि जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

अंजली


५ जानेवारी २०२५

मीना,

तुझा निरोप मिळाला. हिरामणने खाली बघत सांगितला, "ताई म्हनली, मला त्या पोरीसमोर उभं राहता यायचं नाय. ते शब्द माझ्या तोंडानं काढता यायचे नाय." अजून एक म्हणालीस म्हणे, की तू घरातही अजून कुणासमोर ते बोललेली नाहीस. तुझ्या आई अक्काबाई ताट वाढायला घेतात तेव्हा तू उठून बाहेर जातेस.

मी दोन रात्री विचार केला. मला तुझी कीव आली, हे खरं सांगते. आणि माझ्या लेकीला माझ्याशिवाय कुणी नाही, हेही खरं आहे. या दोन्हींत मला निवड करायला लागली तर मी काय निवडणार हे तू ओळखतेस, तूही आईच आहेस.

तू येत नाहीस, तर आम्ही येतो.

आता तू म्हणशील, सृष्टी आणि एसटी? रिक्षाचा हॉर्न वाजला तर खाली बसणारी पोर घाटाच्या गाडीत कशी बसेल? बसेल. सुरुवात केलीय. रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिला सीबीएसला नेते. पहिल्यांदा नुसत्या लांबून गाड्या बघितल्या. मग उभ्या असलेल्या गाडीत चढलो आणि उतरलो. तिकिटाच्या मशीनचा आवाज तिला सहन होत नाही, म्हणून राकेशने तो मोबाइलवर टेप करून आणला, घरी हळू आवाजात लावतो, थोडा थोडा वाढवतो. सासूबाई म्हणाल्या, घरात काय डेपो उघडलाय का. पण काल मी स्वयंपाकघरात होते तर त्याच तिच्याजवळ बसून तो आवाज लावत होत्या, आणि वर तिला सांगत होत्या, "बघ, काही चावत नाही तो."

चैतालीटीचरनी फोटोंची पट्टी करायला सांगितलं. घर, रिक्षा, सीबीएस, लाल गाडी, घाट, हरसूल. सगळ्यात शेवटी तुझा फोटो, रुद्रच्या दहावीच्या निकालाच्या दिवशीचा, पेढा भरवतानाचा. त्यात तोही आहे, कडेला अर्धा. तो कापावा की ठेवावा यावर मी आणि राकेश भांडलो. ठेवला.

अंजली


१९ जानेवारी २०२५

मीना,

थोडक्यात लिहिते, हिरामणची गाडी लागली आहे.

काल आम्ही त्र्यंबकपर्यंत गेलो आणि परत आलो. ड्रायव्हरच्या मागची सीट. कंडक्टरला आधीच सांगितलं, घंटी जरा हळू मारा दादा. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि पुढे घंटी मारलीच नाही, तोंडाने "चला" म्हणत राहिला. परतीच्या वाटेवर ती एकदा रडली, खूप रडली, आणि गाडीतल्या एका बाईने मला विचारलं, अशा पोरीला बाहेर आणताच कशाला. मी म्हटलं, तुम्हाला बघायला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी येतो आहोत. हिरामण बरोबर असेल. दारं लावून घेशील तर बाहेर अंगणात बसू. नदीवर जाऊन बसशील तर नदीवर येऊ. मी तुझ्यावर जबरदस्ती करते आहे, हे मला पुरतं कळतंय. ते माझ्या नावावर राहू दे.

पीठ तयार ठेव.

अंजली


२८ जानेवारी २०२५

मीना,

जयभीम.

तू निघून गेलीस त्यानंतर काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं. अक्काबाईंना दिसतं कमी, हिरामण बाहेर होता. आम्ही तुझी वाट बघितली, पण हरसूलहून शेवटची गाडी होती आणि जीपवाला हॉर्न वाजवायला लागला, म्हणून निघालो. तू डोंगराकडे चढताना आम्हाला मागून दिसत होतीस. हाक मारली नाही.

आधी मला जे दिसलं ते सांगते, कारण तुझी पाठ होती. आम्ही आलो तेव्हा तू चुलीपुढे होतीस आणि वळलीच नाहीस. नुसती परात ओढलीस आणि थापायला लागलीस. म्हणजे तू उकड काढून बसली होतीस. सृष्टी दारात थांबली. अनोळखी घर, धूर, कोंबड्या, मला वाटलं आता आडवी पडेल. तिने तुझ्या हाताचा तो थापण्याचा आवाज ऐकला आणि आत आली. तुझ्यामागे भिंतीशी मांडी घालून बसली. पिशवीतून मी दोन्ही ताटल्या आणल्या होत्या, त्या तिने मांडल्या.

"रुद्र कुठे?"

तू थापत राहिलीस. भाकर केव्हाच झाली होती तरी थापत होतीस.

"रुद्र कुठे?"

तू ती तव्यावर टाकलीस. पाणी फिरवलंस. मी मनात म्हणत होते, नको, राहू दे, चुकलं माझं, चल सृष्टी घरी जाऊ. खरंच उठले होते मी. आणि तू चुलीकडे तोंड करूनच बोललीस.

"रुद्र मेला, सृष्टी. त्याला ताप आला आणि तो मेला. तो आता जेवायला येणार नाही. उद्या नाही, परवा नाही. कधीच नाही."

अक्काबाईंनी तोंडावर पदर घेतला. तू उठलीस, आमच्यामधून वाट काढून बाहेर गेलीस. जाताना तुझा हात सृष्टीच्या डोक्याला लागला. मुद्दाम लागला की चुकून, मी ठरवलेलं नाही.

पुढचं तू बघितलं नाहीस. तव्यावरची भाकर करपायला लागली म्हणून मी काढली आणि तिच्या ताटलीत ठेवली. तिने ती फुंकली. मध्यातून तोडली. मोठी अर्धी रुद्रच्या ताटलीत ठेवली. म्हटलं झालं, सगळं फुकट गेलं, पोरीला घेऊन सरळ दवाखान्यात जायचं. पण या वेळी ती दाराकडे बघत नव्हती. ताटलीकडे बघत होती. मग बोलली, तुझ्या आवाजात, "उद्या नाही, परवा नाही." आणि मग, "कधीच नाही."

आणि तिने रुद्रची ताटली स्वतःकडे ओढली. त्याची अर्धी आधी खाल्ली, मीना. हळूहळू, करपलेल्या कडेसकट, एक कण खाली सांडू दिला नाही. ती संपल्यावर स्वतःची खाल्ली. खाताना रडत होती. तोंड वाकडं नाही, आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. मी तिला आजवर असं रडताना बघितलेलं नाही. तिचं रडणं म्हणजे ओरडणं, डोकं आपटणं. हे साधं, आपल्यासारखं होतं. अक्काबाई सरकत सरकत तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "रड बाय. माझी लेक तर रडत पन नाय."

आता माझं. तू जे म्हणाली होतीस ते मी विसरणार नाही. माफ केलं वगैरे मला लिहिता येत नाही, ते खोटं होईल. पण काल जे तुला करता यायचं नव्हतं ते तू केलंस, आणि ज्या पोरीला देवाने न्यावं म्हणालीस तिच्यासाठी केलंस. मी तुझ्या जागी असते तर माझ्या तोंडातून ते शब्द निघाले नसते. हे दोन्ही माझ्याजवळ राहील. मी दोन्ही घेऊन तुझ्याकडे येत राहणार आहे.

आज सकाळी तिने आमच्या घरात, आमच्या ताटात, माझ्या हातची भाकर खाल्ली. अख्खी. राकेश कामावर जायचा थांबला आणि दारात उभा राहून बघत बसला.

एक गोष्ट राहिली. काल गाडी हरसूलच्या स्टँडवरून हलली, तशी सृष्टीने काचेला कपाळ लावलं आणि म्हणाली, "मीनामावशी कुठे?"

हा प्रश्न तिने कधीच विचारलेला नाही. इतकी वर्षं ती एकाच माणसाची चौकशी करत आली. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने परत विचारलं. घाटभर विचारत राहिली. कंडक्टर मागे वळून म्हणाला, सांगून टाका ना ताई काहीतरी. आज सकाळपासूनही तेच चाललंय, भाकर खाताना, आंघोळ करताना, आत्ता मी हे लिहिते आहे तर माझ्या खांद्यामागे उभी आहे.

आणि या वेळी तिने मला विचारलंय, मीना. तुला नाही, मला. उत्तर मलाच द्यायचं होतं.

मी तिला सांगितलंय, मीनामावशी रडायला गेली आहे. रडून झालं की ती घरी येईल.

मला खोटं पाडू नकोस.

अंजली